आधीच केलेली निवड

म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या आसपास सकाळी एखाद्या उपाहारगृहात शिरावे आणि कॉफी मागावी. थोड्याच वेळात वाफाळलेली कॉफी समोर येते. तिच्यात दूध असते आणि साखरही असते. ‘साखर घाला’ असे आपण म्हटलेले नसते, तरी ती असते. ज्याला ती नको असेल त्याने आधीच ‘सक्करे बेड’ असे कन्नडमध्ये सांगावे लागते. सांगायचे राहून गेले, किंवा भाषा येत नसल्यामुळे सांगता आले नाही, तर गोड कॉफी पिण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुकानदाराने कोणावर सक्ती केलेली नसते. बहुतेकांना साखर चालते हे अनुभवाने ओळखून त्याने गिऱ्हाइकाच्या वतीने एक निवड करून ठेवलेली असते, इतकेच.

संगणकाच्या व्यवहारात अशा निवडीला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘पूर्वनिर्धारित’ हा शब्द योजला जातो. काही ठिकाणी ‘मूलभूत’ असाही शब्द आढळतो, आणि तोही पुष्कळदा ऱ्हस्व ‘मु’ने लिहिलेला, परंतु हा शब्द अर्थाची दिशाभूल करतो असे मला वाटते. मूलभूत म्हणजे जे पायाशी आहे, ज्याच्यावाचून चालणार नाही ते. कॉफीतील साखर मूलभूत नव्हे. ती कोणीतरी आधी ठरवून घातलेली असते. ‘पूर्वनिर्धारित’ या शब्दात ठरविणारा कोणीतरी आहे, ही जाणीव कायम राहते. म्हणून या पाठात आपण तोच शब्द वापरू.

संगणक सुरू केल्यावर प्रथम जागा होणारा आणि यंत्र व माणूस यांच्यात मध्यस्थी करणारा जो आज्ञावलींचा समूह असतो, त्याला संचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम असे म्हणतात. पडद्यावर अक्षरे कोणत्या वळणाची दिसावीत, कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटावे, दिनांक कसा लिहावा, एखादे छायाचित्र उघडायचे झाले तर ते कोणत्या प्रोग्रामने उघडावे, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे तिच्यात आधीच भरून ठेवलेली असतात. विंडोजसारख्या प्रणालीत ही उत्तरे ती बनविणारी कंपनी ठरविते. परंतु काही प्रणाली अशा आहेत, की ज्या स्वयंसेवकांनी मिळून घडविल्या आहेत आणि ज्यांच्याविषयीचे निर्णयही चारचौघांत, उघड चर्चेने घेतले जातात.

त्यांपैकी डेबियन ही एक जुनी व मोठी प्रणाली होय. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली तिचा आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘जीएनयू’ प्रकल्पातील साधने आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला ‘लिनक्स’ हा गाभा यांच्या आधारे ती उभी राहिली. आज जगभर विखुरलेले सुमारे एक हजार स्वयंसेवक तिची देखभाल करतात. २००४ साली सुरू झालेली उबुंटू ही प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रथम प्रसिद्ध केलेली ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, हीदेखील डेबियनवरच उभी आहे. कृष्णराजसागराच्या दारांतून सोडलेले पाणी जसे कालव्याकालव्यांतून दूरच्या शेतापर्यंत पोहोचते, तसाच डेबियनमध्ये झालेला एखादा निर्णय खालच्या अनेक प्रणालींमध्ये, आणि तेथून एखाद्या शाळेतील जुन्या संगणकापर्यंत, उतरत जातो.

आता असे कोणी विचारील, की या उत्तरांना एवढे महत्त्व कशासाठी द्यावे? ज्याला जे नको असेल ते त्याने बदलून घ्यावे! तत्त्वतः हे खरे आहे. अनुभव मात्र वेगळे सांगतो. २००३ साली एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन अभ्यासकांनी युरोपातील देशांमध्ये मरणोत्तर अवयवदानाला किती लोकांची संमती आहे याची तुलना प्रसिद्ध केली. जर्मनीत संमती द्यायची असेल तर ती मुद्दाम नोंदवावी लागत असे. तेथे संमतीचे प्रमाण शेकडा बाराच्या आसपास होते. शेजारच्या ऑस्ट्रियात संमती गृहीत धरलेली असून नकार नोंदवावा लागत असे. तेथे ते शेकडा नव्याण्णवाहून अधिक होते. दोन्ही देशांत भाषा एक, राहणीमान जवळपास सारखे. फरक होता तो फक्त कोऱ्या रकान्याचा अर्थ काय धरायचा यात. जिवाशी संबंधित प्रश्नातही माणसे आधी ठरलेले उत्तर सहसा बदलत नाहीत, मग संगणकाच्या खोल कप्प्यातील एखादी मांडणी कोण बदलणार?

बदलणारे असतातच, पण ते बहुधा जाणकार असतात. त्यांना प्रणालीने काहीही दिले तरी फारसे बिघडत नाही, कारण ते अर्ध्या तासात सारे आपल्या मनासारखे करून घेतात. ज्याला बदलता येत नाही, बदलता येते हेच ठाऊक नाही, किंवा बदलण्याची भीती वाटते, त्याच्यासाठीच पूर्वनिर्धारित निवड ही खरी निवड ठरते. चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसणारी एखादी गृहिणी, दिवसभर कामावर राबून रात्री अभ्यास करणारा एखादा तरुण, यांच्यापुढे जो संगणक येतो तो जसा येतो तसाच राहतो. आणि गंमत अशी, की ज्या चर्चेत ही निवड ठरते त्या चर्चेला हे दोघेही हजर नसतात.

प्रणालीसोबत कोणते प्रोग्राम आधीच घालून द्यावेत, हा या चर्चांतला नेहमीचा विषय. एके काळी तो जागेच्या मोजमापावर ठरत असे. संपूर्ण प्रणाली एका सीडीवर, म्हणजे सुमारे ७०० मेगाबाइटमध्ये, मावली पाहिजे, असा दंडक होता. ट्रंकेत कपडे भरताना एक लुगडे घालायचे तर दुसरे काढावे लागते, तशी ही कसरत होती. एप्रिल २०१० मध्ये आलेल्या उबुंटूच्या आवृत्तीतून ‘गिम्प’ हा चित्रसंपादनाचा नामांकित प्रोग्राम वगळण्यात आला. तो वाईट होता म्हणून नव्हे. तो व्यावसायिक चित्रकाराच्या हाती शोभणारा, सामान्य माणसाला गोंधळात टाकणारा आणि जागाही बरीच अडविणारा होता. घरच्या छायाचित्रांची कड कापायला किंवा उजेड वाढवायला तेवढे मोठे हत्यार नको, असा युक्तिवाद करण्यात आला. अनेकांना तो रुचला नाही. माझ्या मते तो योग्य होता. सुतारकामाची पेटी सर्वांच्या घरी असावी, पण रंधा प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात ठेवलाच पाहिजे असे नाही.

पुढे सीडीचे बंधन सुटले, परंतु वाद संपला नाही. ऑक्टोबर २०२३ मधील उबुंटूच्या आवृत्तीपासून प्रणाली बसविताना मोजकेच प्रोग्राम देण्याची पद्धत पूर्वनिर्धारित झाली. पत्रे, हिशेबाचे तक्ते इत्यादी लिहिण्याचा ‘लिब्रेऑफिस’ हा संच हवा असेल तर तो वेगळा मागून घ्यावा लागतो. ज्याला जे हवे ते त्याने नंतर आंतरजालावरून उतरवून घ्यावे, हा विचार वरवर निर्दोष दिसतो. पण तो अखंड चालणारे आंतरजाल गृहीत धरतो. तालुक्याच्या गावी, मोबाइलवरील मोजक्या डेटाच्या भरवशावर संगणक चालविणाऱ्याला शेकडो मेगाबाइट उतरवून घेणे ही साधी गोष्ट नाही. त्याला अर्ज लिहायचा असतो, आणि लिहिण्याचे साधनच संगणकात नसते. येथे मात्र मला जुनी, भरगच्च सीडीच अधिक दयाळू वाटते.

याच्या उलट, एखादी छोटीशी निवड नवख्याचे किती हाल वाचवू शकते याचेही एक उदाहरण आहे. ‘व्हीआय’ नावाचा मजकूर लिहिण्याचा एक जुना, जाणकारांचा लाडका प्रोग्राम आहे. नवखा त्याच्यात चुकून शिरला तर बाहेर कसे पडावे हेच त्याला उमगत नाही. अभिमन्यूची आठवण व्हावी अशी ही स्थिती. फेडोरा या सामुदायिक प्रणालीने ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या तेहतिसाव्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘नॅनो’ हा साधा प्रोग्राम पूर्वनिर्धारित केला, कारण त्याच्या तळाशी बाहेर पडण्याची कळ लिहिलेलीच असते. ज्यांना व्हीआय प्रिय होता त्यांनी तो परत लावून घेतला. त्यांना ते जमत होतेच.

आता आपण भाषेकडे वळू, कारण मराठी माणसाच्या दृष्टीने या विषयाचा गाभा तेथेच आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात बसून एका पाठाची मुद्रिते तपासत होते. मजकूर मराठी, लिपी देवनागरी, सारे ठीक. तरी पान डोळ्यांना खटकत होते. नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की प्रत्येक ‘ल’ आणि प्रत्येक ‘श’ हिंदी वळणाचा होता. मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त लिहिण्याची रीत आहे. संगणकाच्या दृष्टीने मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ हे एकच चिन्ह असून त्यांचा सांकेतिक क्रमांकही एकच आहे. त्याला कोणते रूप द्यावयाचे हे अक्षरांचा साचा, म्हणजे फाँट, आणि प्रणालीत नोंदविलेली भाषा या दोहोंवर अवलंबून असते. एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवून, मजकुराची भाषा मराठी आहे असे कळताच मराठी वळण दाखविण्याची सोय करता येते. परंतु त्या संगणकावर देवनागरी म्हणजे हिंदी, असे कोणीतरी आधीच ठरवून टाकले होते. मुद्रिते तपासणाऱ्याने शाईने पन्नास ठिकाणी खुणा करून उपयोग नव्हता. चूक लेखनात नव्हतीच, ती मांडणीत होती.

अर्थाचाच घात होईल अशीही ठिकाणे आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. या दुसऱ्या प्रकारच्या रकाराची हिंदीला गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी नजरेसमोर ठेवून केलेल्या मांडणीत तो सहज विसरला जातो. तीच गोष्ट ‘ॲ’ या अक्षराची. ‘ॲप’, ‘बॅट’ असे शब्द आपण रोज लिहितो, पण स्वतंत्र ‘ॲ’ला युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात स्थान मिळाले ते २००८ साली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला अद्ययावत केली, तेव्हा ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांचा तिच्यात समावेश केला. तोपर्यंत संगणकावर ‘ॲ’ लिहिण्यासाठी लोक ‘अ’वर चंद्र चिकटविण्याच्या नाना युक्त्या करीत.

शब्दांचा अनुक्रम हा तर फारसा कोणाच्या ध्यानातही न येणारा भाग. ग्रंथालयाची यादी अकारविल्हे लावायची आहे. ‘कवच’, ‘कसर’, ‘कहर’ आणि ‘कळप’ हे चार शब्द मराठी कोशात याच क्रमाने येतात, कारण आपल्या वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतर आहे. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढची जागा मिळालेली आहे. प्रणालीने केवळ त्या तक्त्याचा क्रम पाळला, तर ‘कळप’ हा ‘कवच’च्याही आधी जाऊन बसतो आणि यादीत शोधणाऱ्याला वाटते, की पुस्तक ग्रंथालयात नाहीच. मराठीचा स्वतःचा क्रम प्रणालीला शिकवावा लागतो, आणि तो कोणीतरी मराठी जाणणाऱ्यानेच शिकवावा लागतो.

अंकांचेही तसेच. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले आहे. युनिकोड संघटना निरनिराळ्या भाषांच्या रीतींची जी सामायिक नोंद ठेवते, तिच्यात हिंदीसाठी ते आंतरराष्ट्रीय अंक पूर्वनिर्धारित आहेत, तर मराठीसाठी देवनागरी. म्हणून मराठी निवडताच पडद्यावरील घड्याळ १०:३५ असे दिसू लागते. मला ते आवडते. बँकेत काम करणाऱ्या माझ्या परिचयातील एका गृहस्थांना आवडत नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. मात्र मोठी संख्या लिहिताना १,००,००० असा स्वल्पविराम लाखाच्या ठिकाणी पडावा, याविषयी आमचे दुमत नाही. परदेशी मांडणीत तो १००,००० असा पडतो आणि ते वाचताना क्षणभर अडखळायला होते.

भाषा निवडली तरी अक्षरे लिहायची कशी, हा प्रश्न उरतोच. आणि म्हैसुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तो दुहेरी पडतो. घरात मराठी, रस्त्यावर व कचेरीत कन्नड. कर्नाटकात के. पी. राव यांनी आखलेला कळफलक शासनाने थोड्या फेरफाराने मान्य केला आणि ‘नुडी’ या सॉफ्टवेअरमधून तो सर्वत्र रुळला. तो इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर बेतलेला आहे; ‘के’ची कळ दाबली की ‘क’ उमटतो. ज्याला इंग्रजी कळफलकाची सवय आहे त्याला तो तात्काळ जमतो. दुसरीकडे, भारत सरकारच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकात तयार झालेला आणि १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झालेला ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक आहे. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. त्याचे खरे वैशिष्ट्य असे, की मराठीत ‘त’ ज्या कळेवर असतो त्याच कळेवर कन्नडमधील, तेलुगूतील, बंगालीतील ‘त’ असतो. एकदा बोटांना वळण लागले, की मराठी शिकलेली बोटे कन्नडही लिहू शकतात. शिफ्टची कळ धरून ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, आणि त्याला हलन्त जोडला की ‘दऱ्या’मधील रकार मिळतो, म्हणजे मराठीची ती अडचण येथे आधीच लक्षात घेतलेली आहे.

मग पूर्वनिर्धारित कोणता असावा? जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना तिसराच, यंत्राच्या क्रमाचा, कळफलक हवा असतो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला उच्चारानुसारी कळफलक निरुपयोगी, कारण त्याला आधी इंग्रजी अक्षरे पाठ करावी लागतात. इंग्रजी येणाऱ्याला इनस्क्रिप्ट पहिले काही आठवडे जड जातो. मला स्वतःला असे वाटते, की शिकणाऱ्याच्या संगणकावर इनस्क्रिप्ट प्रथम असावा आणि उच्चारानुसारी कळफलक त्याच्या शेजारी, एका कळेच्या अंतरावर. लिपी शिकताना दुसऱ्या लिपीची कुबडी घ्यावी लागू नये. पण हे मत मराठी शिकविणाऱ्या बाईचे आहे, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

शब्दांची शुद्धता तपासणारी सोय आपोआप सुरू ठेवावी की बंद, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. इंग्रजीत शब्दांची रूपे थोडी; कोशात शब्द घातला की काम भागते. मराठीत ‘घर’ या एका शब्दापासून ‘घराला’, ‘घरासमोरचा’, ‘घरातल्यांनासुद्धा’ अशी रूपे फुटत जातात. ती सारी एखाद्या साध्या यादीत मावणे अशक्य. जेथे कोश अपुरा असतो तेथे संगणक अचूक शब्दाखाली लाल रेघ ओढतो. जाणकार तिच्याकडे दुर्लक्ष करतो. नुकताच लिहायला लागलेला प्रौढ विद्यार्थी मात्र संगणकावर विश्वास ठेवतो आणि बरोबर लिहिलेला शब्द खोडून टाकतो. चुकीची रेघ ओढणाऱ्या परीक्षकापेक्षा परीक्षक नसलेला बरा! म्हणून मराठीचा कोश पुरेसा सक्षम होईपर्यंत ही सोय पूर्वनिर्धारितपणे बंद असावी, असे मी आग्रहाने म्हणेन. असा कोश घडवायचा तर प्रत्यक्ष वापरातील भाषेचे विपुल नमुने हाताशी लागतात. म्हैसुरातच १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थानात भारतीय भाषांतील लिखित आणि उच्चारित मजकुराचा असा संग्रह करण्याचे काम चालते. मराठीही त्यात आहे.

आतापर्यंत पाहिलेल्या गोष्टी चुकल्या तर निदान दुरुस्त करता येतात. काही निवडी मात्र अशा असतात, की त्या चुकल्या तर दुरुस्तीच्या दारापर्यंतही पोहोचता येत नाही. दृष्टिहीन माणसाच्या संगणकात पडदा वाचून दाखविणारा प्रोग्राम आधीपासून नसेल, तर तो बसविण्यासाठी लागणारी सूचना त्याला वाचून कोण दाखविणार? कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत ठेवावी तसा हा प्रकार. डेबियनमध्ये या मुद्द्याने एका मोठ्या निर्णयाला वळण दिले. पडद्याची मांडणी करणारे अनेक संच उपलब्ध असतात. त्यांपैकी ‘ग्नोम’ हा डेबियनमध्ये पूर्वीपासून पूर्वनिर्धारित होता. २०१३ च्या अखेरीस त्याच्या जागी ‘एक्सएफसीई’ हा हलका, कमी जागेत मावणारा संच घेण्यात आला, मात्र काही महिन्यांनी पुन्हा आढावा घेण्याच्या अटीवर. सप्टेंबर २०१४ मध्ये तो आढावा घेतला गेला आणि ग्नोम परत आला. त्यामागील कारणांमध्ये अपंग वापरकर्त्यांसाठी असलेल्या सोयी हे एक प्रमुख कारण होते. हलकेपणाचा लाभ पुष्कळांना थोडाथोडा होणार होता. सोयी नसल्याचा तोटा थोड्यांना, पण पूर्ण होणार होता. आजही डेबियन बसवू लागताच एक बारीक ‘टुं’ असा आवाज होतो. त्यानंतर ‘एस’ची कळ दाबून एंटर केले, की पुढील प्रत्येक सूचना बोलून दाखविली जाते. डोळस माणूस तो आवाज ऐकून विसरूनही जातो.

खाजगीपणाचा प्रश्नही याच जातीचा आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या उबुंटूत, वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकावरील एखादी फाइल शोधण्यासाठी लिहिलेला शब्ददेखील आंतरजालावरून बाहेर जाई आणि त्यानुसार ॲमेझॉनवरील वस्तू त्याला दाखविल्या जात. ही सोय बंद करता येत होती, पण ती सुरू अवस्थेतच दिली जाई. स्टॉलमन यांच्यासह अनेकांनी तिच्यावर कडक टीका केली, आणि एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत ती पूर्वनिर्धारितपणे बंद करण्यात आली. डेबियनलाही कोणते प्रोग्राम किती वापरले जातात हे जाणून घ्यायचे असते. सीडीवर कशाला आधी जागा द्यावी हे ठरविताना ती माहिती उपयोगी पडते. परंतु ती माहिती पाठवायची काय, असे प्रणाली बसविताना विचारले जाते आणि तेथे आधीपासून निवडलेले उत्तर ‘नाही’ हे असते. त्यामुळे माहिती कमी मिळते, हे खरे. जे मुद्दाम ‘होय’ म्हणतात त्यांचीच आवडनिवड मोजली जाते, हेही खरे. तरी न विचारता घेतलेल्या पुष्कळ माहितीपेक्षा ही थोडी माहिती अधिक प्रतिष्ठेची आहे.

अशा प्रणालींत निर्णय कसे होतात, याविषयी बाहेरच्यांचा समज असा असतो, की सगळे मतदान करतात आणि बहुमताने ठरते. प्रत्यक्षात रोजचे निर्णय त्या त्या भागाची देखभाल करणारा स्वयंसेवकच घेतो, कारण काम त्यालाच करायचे असते. वाद मिटेनासा झाला तर डेबियनमध्ये तांत्रिक समिती असते, आणि त्याही पलीकडे सर्व सभासदांचे मतदान. संगणक सुरू होताना इतर सेवांना क्रमाने जागे करण्याचे काम कोणत्या प्रोग्रामकडे द्यावे, या प्रश्नावर फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या समितीचे आठ सदस्य चार विरुद्ध चार असे विभागले गेले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ‘सिस्टिमडी’ची निवड झाली. ज्यांना ती मुळीच मानवली नाही त्यांनी त्याच वर्षी ‘डेवुआन’ नावाची वेगळी प्रणाली काढली. भाऊबंदकीत वाटणी होते तशी ही वाटणी. फरक एवढाच, की येथे मूळ घर दोघांनाही पूर्णच्या पूर्ण मिळते.

मराठी भाषक या चर्चेत अगदीच नव्हते असे नाही. ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे मुक्त फाँट पुण्यात घडले. पडद्यावर वारंवार दिसणाऱ्या काही शे शब्दांची यादी करून, त्यांना कोणते प्रतिशब्द द्यावेत हे त्या त्या भाषेच्या जाणकारांनी एकत्र बसून ठरवावे, या कल्पनेतून २००८ साली ‘फ्यूएल’ हा प्रकल्प सुरू झाला, त्यात मराठीही आली. परंतु चर्चा बव्हंशी इंग्रजीत चालते, ती करणारे संगणकाच्या क्षेत्रातील असतात, आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतील भेद जाणणारे बहुतेक लोक त्या क्षेत्राच्या बाहेर असतात. वास्तविक, चूक कळविण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नसते. कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, एवढे चार ओळींत, शक्य तर पडद्याच्या चित्रासह, लिहून पाठविले तर त्याची रीतसर नोंद होते. पूर्वी उल्लेखिलेल्या त्या मुद्रितांच्या वेळी हे मला ठाऊक नव्हते. मी खुणा केलेली पाने परत दिली आणि घरी आले.

डेबियन बसविताना अगदी आरंभी भाषांची एक लांब यादी पडद्यावर येते. प्रत्येक भाषेचे नाव इंग्रजीत आणि समोर तिच्या स्वतःच्या लिपीत दिलेले असते. ‘मराठी’ हे नावही तेथे आहे. यादी उघडते तेव्हा रंगीत पट्टी इंग्रजीवर असते. बाणाची कळ दाबत दाबत खाली जावे लागते.